पगार कापून गणपतराव मिळतात का?

आमदारांच्या पेन्शनची बातमी आली की आमच्या सोलापूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाई गणपतराव देशमुखांचा फोटो फिरायला लागतो. खाली ठरलेली ओळ: असा आमदार पुन्हा होणे नाही. यावेळी सांगोल्याच्या मावसभावाचा फोनही आला. "दादा, तुमच्या न्यू हॅम्पशायरात आमदार वर्षाला १०० डॉलरवर राबतात म्हणे. आमच्याकडे माजी झाला तरी महिन्याला ५० हजार. बंदच केलं पाहिजे सगळं."

अमेरिकेतल्या या राज्यात मी राहतो, आणि शंभर डॉलरचं खरं आहे. १८८९ पासून तोच आकडा आहे. वर प्रवासाचा मैलागणिक भत्ता, बस्स. प्रतिनिधीगृहात ४०० जण, राज्याची लोकसंख्या जेमतेम चौदा लाख. म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक आमदार. आमच्या नाशुआत ते वाणसामानाच्या दुकानातही भेटतात आणि लोक तिथेच त्यांना गाठून रस्त्याची तक्रार ऐकवतात.

पण या स्वस्ताईची दुसरी बाजूही बघावी. भाडेकरूंच्या एका विधेयकाच्या सुनावणीला मी कॉनकॉर्डला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, गेलो होतो. भर कामाच्या दिवशी, सकाळी. टेबलामागे बसलेल्यांत बहुतेक डोकी पांढरी. बोलायला भाडेकरू आले होते. ऐकणाऱ्यांत भाड्याच्या घरात राहणारं कोणी असेल असं काही वाटलं नाही. नोकरी सांभाळून, पोरं शाळेत सोडून, वर्षाला १०० डॉलरवर आमदारकी करणार कोण? निवृत्त माणूस, नाहीतर घरचं बरं असलेला. पगार शून्यावर आणला तर महाराष्ट्रात कोण उरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. ठेकेदार उरतील.

गणपतरावांचं मोठेपण ते एसटीने फिरायचे यात शोधणं मला म्हणूनच पटत नाही. १९६२ साली ते सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा हरले, पुन्हा आले. २०१४ पर्यंत अकरा वेळा, आणि दर वेळी एकाच पक्षातून. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) राज्यभर आटत गेला तरी आबासाहेब, म्हणजे गणपतराव, हलले नाहीत. १९७८ आणि १९९९ ची मंत्रिपदं सोडली तर बाकी हयात विरोधी बाकांवर. साधे तर ते होतेच, पण साधे लोक पुष्कळ असतात. त्यांच्यामागे सूतगिरणी होती, गावोगावचे कार्यकर्ते होते, आणि आटपाडीची पाणी परिषद होती. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं तिथे वर्षानुवर्षं जमत राहिली, कृष्णेचं पाणी मागत राहिली. सभागृहात आबासाहेब टेंभू-म्हैसाळ या पाणी योजनांवर बोलायला उभे राहिले की मागे हा सगळा जमाव असायचा. २०१९ ला वयामुळे ते थांबले आणि त्यांचा नातू अवघ्या ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला, आज विधानसभेतला शेकापचा एकुलता एक आमदार. घराणं की पक्ष, हा वाद सांगोलेकरांनी घालावा. मी लांबून नाक खुपसत नाही.

पेन्शनवर मात्र बोलतो. हरलेल्या प्रामाणिक आमदाराला म्हातारपणी कोणाच्या दारात जावं लागू नये, एवढ्यापुरतं ते असायला माझी हरकत नाही. चीड येते ती पद्धतीची. २०१६ साली पगार भरघोस वाढवणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी चर्चेविना मंजूर केलं. एरवी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे त्या दिवशी अगदी गुण्यागोविंदाने नांदले. इथे न्यू हॅम्पशायरात विधेयक कितीही फुटकळ असो, त्याची जाहीर सुनावणी होते. एक कार्ड भरून कोणीही उठून बोलतो आणि समितीला ऐकून घ्यावं लागतं. कधी कधी भयंकर कंटाळवाणं बोलतात, तेही ऐकतात. न्यू हॅम्पशायरकडून काही उचलायचंच तर ते हे उचला, शंभर डॉलर राहू द्या.

मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "सुनावणीला मुंबईपर्यंत कोण जातंय, दादा?"

"काका दरवर्षी आटपाडीला जायचे ना?"

"ते आबांनी बोलावलं म्हणून."