ऐका हो ऐका, फिटर पाहिजेत

नाशिकमधल्या आमच्या अंबडच्या कारखान्यात मशीन भरपूर आहेत, ती चालवणारी माणसं मिळत नाहीत. आयटीआय झालेला मुलगा मुलाखतीला येतो, चहा घेतो, "नक्की येतो मॅडम" म्हणतो, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन केला तर तो चाकणहून बोलत असतो. वर आपल्यालाच विचारतो, "तुमच्याकडे कोणी असेल तर सांगा, इथे अजून जागा आहेत."

मी एचआर. माणसं आणायची, आणलेली टिकवायची, न टिकलेल्यांचा फुल अँड फायनल हिशोब करायचा आणि दिवाळीला मिठाईचे बॉक्स मोजून घ्यायचे, अशी खाती माझ्याकडे होतीच. त्यात आता पॉडकास्टची भर पडली.

झालं असं की धाकटे साहेब मुंबईला एका सेमिनारला गेले आणि तिथून 'एम्प्लॉयर ब्रँडिंग' घेऊन आले. साबण विकणारी कंपनी गिऱ्हाइकात नाव कमावते, तसं नोकरी देणाऱ्या कंपनीने उमेदवारांत कमवावं, ही कल्पना टिम अँबलर आणि सायमन बॅरो या दोघांनी १९९६ साली मांडली. लंडनहून अंबडला यायला तिला जवळजवळ तीस वर्षं लागली. द्वारका सर्कलचा ट्रॅफिक बघता हे काही फार नाही.

"पेपरातली जाहिरात आता कोणी वाचत नाही मॅडम," साहेब म्हणाले. "उमेदवाराला आपलं कल्चर ऐकू आलं पाहिजे."

आमचं कल्चर गेटबाहेरच्या टपरीपर्यंत ऐकू येतं. पत्रा कापणारी दीडशे टनी पॉवर प्रेस आहे आमची. तिच्या प्रत्येक स्ट्रोकला माझ्या टेबलावरचा स्टेपलर थोडा थोडा सरकतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कडेला येतो. पण मी तसं बोलले नाही. एवढंच विचारलं, की ऐकणार कधी? मुंबईचा माणूस लोकलमध्ये तास-दीड तास लोंबकळतो, त्याला काहीतरी कानात घालावंच लागतं. आमच्याकडे माणूस सिडकोतून निघून अंबडला पोहोचतो, तेवढ्यात सुरुवातीचं म्युझिकसुद्धा संपत नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, पॉझिटिव्ह राहा."

मग माइक आला. कंडेन्सर माइक, बराच महागाचा. हा माइक फार हळवा असतो, बारीकसारीक सगळं टिपतो. स्टुडिओच्या बंद खोलीत ते त्याचं कौतुक. आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये त्याने प्रेस टिपली, कंप्रेसर टिपला, शेजारच्या प्लॉटमधला ग्राइंडर टिपला, गेटवर वॉचमन काकांच्या मोबाइलवर चाललेलं कीर्तनही टिपलं. कीर्तन तर फारच स्वच्छ आलं होतं. धाकटे साहेब तेवढे पुसट आले.

"मळ्यावर जाऊ," थोरले साहेब म्हणाले. ओझरकडे त्यांची द्राक्षबाग आहे, तिथे शांतता असते अशी त्यांची समजूत. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत कोणाला शांतता मिळाली असेल, तर त्याची बाग बहुतेक डाऊनी रोगाने गेलेली असणार. आम्ही माइक मांडला आणि पलीकडच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला. तो थांबला तसा आमचा सुरू झाला. थोरल्या साहेबांनी गड्याला हाक मारून बंद करायला लावला, घसा साफ केला, "नमस्कार मित्रांनो" म्हणाले आणि ओझरच्या एचएएलवरून उडालेलं सुखोई आमच्या डोक्यावरून गेलं. त्यापुढचं वाक्य देशाच्या संरक्षणासाठी सोडून द्यावं लागलं.

शेवटी जागा सापडली ती कारखान्याच्या स्टोअरमध्येच. ही सूचना स्टोअरकीपरची. आवाज कडक भिंतीवर आपटून परत येतो म्हणून रेकॉर्डिंग घुमतं, आणि मऊ वस्तू तो गिळून टाकतात. स्टुडिओवाले त्यासाठी फोम विकत घेतात. आमच्याकडे पॅकिंगचा फोम, पुठ्ठ्याचे बॉक्स आणि कॉटन वेस्टचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. मध्ये दोन स्टूल टाकली. कंडेन्सर ठेवून दिला आणि साधा डायनॅमिक माइक आणला, जो तोंडाजवळ धरला तरच ऐकतो, लांबचं मनावर घेत नाही. ऑइलच्या वासात आणि साठ वॅटच्या बल्बखाली आमचा स्टुडिओ उघडला. प्रेसचा ठोका तिथेही येत होता, पण लांबून, दुसऱ्याच्या घरचा असल्यासारखा.

पाहुणे कोण, यावरून मात्र घरात ठिणगी पडली. सेमिनारच्या वहीत स्पष्ट लिहिलं होतं: मालकाला पुढे करू नका, काम करणाऱ्याला बोलू द्या, जाहिरात करू नका, वीस-पंचवीस मिनिटांत आटपा, अर्ज कुठे करायचा ते शेवटी सांगा. पण वही धाकट्यांची आणि कंपनी थोरल्यांची. त्यामुळे पहिल्या भागात थोरले साहेब बोलले. सातपूरला भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर सुरुवात कशी केली, हे ते सांगत राहिले. नाशिकच्या एमआयडीसीत ज्याला त्याला विचारा, सुरुवात एका जुन्या लेथवरच झालेली असते. इतके जुने लेथ आले कुठून, यावर खरं तर एक वेगळा भाग व्हायला हवा.

एडिटिंगला कॉलेज रोडचा एक मुलगा धरला होता. त्याने साहेबांच्या बोलण्यातलं "आपलं ते हे" तेवढं कापलं, तर भाग जवळजवळ निम्मा झाला. त्या उरलेल्या निम्म्यात साहेब तीन वेळा म्हणाले, की आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. मला तिथेच धडकी भरली. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो. कुटुंबात ओव्हरटाइम मिळत नाही, हे आयटीआयच्या पोरांना घरूनच ठाऊक असतं.

भाग वर चढला. पॉडकास्टचं एक क्रूर वैशिष्ट्य असं, की ऐकणारे कितव्या मिनिटाला उठून गेले याचा आलेखच मिळतो. ही सोय आजवर कुठल्याही अध्यक्षीय भाषणाला नव्हती, हे वक्त्यांचं नशीब. आमची रेघ लेथपाशी खाली वळली आणि कुटुंबापाशी जमिनीला टेकली. शेवटपर्यंत ऐकणारे जे काही उरले, त्यात आमचं अकाउंट्स डिपार्टमेंट होतं. त्यांना साहेब विचारणार होते.

मग मी टूलरूमच्या मामांना गाठलं. मामा डाय, म्हणजे प्रेसमध्ये पत्रा कापायचे साचे, बनवतात आणि दुरुस्त करतात. एरवी त्यांचं तोंड मिटत नाही. माइक बघितल्यावर मात्र त्यांनी टोपी काढली, सरळ बसले आणि म्हणाले, "सदर कंपनीत अत्यंत आनंदी व खेळीमेळीचे वातावरण आहे." पुढचं प्रत्येक उत्तर त्यांनी याच सुरात दिलं. प्रमोशनबद्दल विचारलं, तरी "सदर" आलंच.

मी म्हटलं, "झालं मामा, चहा घेऊ." माइक बंद करायचं तेवढं राहिलं, किंवा राहू दिलं म्हणा.

चहाचा घोट घेऊन मामांनी मान वाकडी केली. लांबून प्रेसचा ठोका येत होता. "ऐकलं का ताई? बसका लागतोय. डायची धार गेली. आता पत्रा कापला जायचा नाही, फाटायचा. कडेला बर येईल, बोटाला टोचणारा." त्यांनी ओरडून कोणाला तरी बघायला पाठवलं. पोरगं कापलेला पीस घेऊन आलं, कडेवरून बोट फिरवलं तर खरोखर बर आलेला. मग मामा सुटले. पंच आणि डायमधला गॅप पॉइंट झिरो टूने चुकला तर काय होतं. त्यांच्या वस्तादांनी त्यांना पहिले सहा महिने कानसच कशी मारायला लावली. अप्रेंटिस पोरांना हल्ली डिजिटल व्हर्निअर वाचता येतं पण हाताला पत्रा वाचता येत नाही, आणि तो आपण कसा शिकवतो. अप्रेंटिसचा कायदा १९६१चा आहे, त्यातलं एक अक्षरही मामांनी वाचलेलं नाही, पण त्यांच्या हाताखालून बाहेर पडलेली मुलं सिन्नरपासून गोंद्यापर्यंत टूलरूम सांभाळतायत. ओघात त्यांनी हेही सांगून टाकलं, की पगार सात तारखेला होतो, त्यात खोट नाही; शूज वर्षाला एकच जोडी मिळते, ती पुरत नाही; आणि कॅन्टीनच्या डाळीत डाळ शोधायला भिंग लागतं.

धाकटे साहेब म्हणाले, डाळ कापा. मी म्हटलं, डाळ कापली तर सात तारखेवर कोण विश्वास ठेवणार? बराच वाद झाला. डाळ राहिली. शूजही राहिले. प्रेसचा ठोका तर मुद्दाम थोडा मोठा करून ठेवला.

या भागाची रेघ खाली आलीच नाही. आयटीआयच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फिरला, आणि पुढच्या आठवड्यापासून मुलं मुलाखतीला यायला लागली. सीटीसी, पोझिशन, ग्रोथ वगैरे माझं बोलणं ती सभ्यपणे ऐकून घेत आणि मग विचारत, "मामा कोणत्या शिफ्टला असतात?" एकाने आल्या आल्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवून दाखवलं. त्याला लगेच घेतला. धाकट्या साहेबांनी सेमिनारवाल्यांना आभाराचा मेल टाकला.

एक गोष्ट मात्र त्या वहीत लिहिलेली नव्हती. पॉडकास्ट उमेदवार ऐकतात, तसे शेजारचे कारखानदारही ऐकतात. आपल्याकडचा सगळ्यात चांगला माणूस कोण, त्याला काय काय येतं आणि त्याची कशावर नाराजी आहे, हे आम्ही बावीस मिनिटांत, स्वच्छ आवाजात, फुकट जाहीर केलं होतं.

मामा एका दुपारी केबिनमध्ये आले. "ताई, सिन्नरच्या एका कंपनीतून फोन होता. वर्षाला दोन जोडी शूज देतो म्हणतात. बायोडाटा मागतायत. आता टाइप कोण करत बसणार, तीच लिंक पाठवली तर चालेल ना?"

पुढचा तास थोरले साहेब, धाकटे साहेब आणि मामा बंद दाराआड होते. बाहेर आले तेव्हा मामांचा पगार वाढलेला होता, आणि शूज सगळ्या टूलरूमला दोन जोडी मंजूर झाले होते. आमच्या एम्प्लॉयर ब्रँडिंगचा हा पहिला खर्च माइकच्या बिलाहून बराच जास्त निघाला.

कारखान्यात अशी बातमी पसरायला इंटरनेट लागत नाही. दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर रांग होती. माइक बघून संडासात लपलेला प्रेस ऑपरेटर सगळ्यात पुढे. "मॅडम, माझीपण गोष्ट घ्या ना. माझा आवाज मामांपेक्षा मोठा आहे." त्याच्यामागे वेल्डिंगवाले दोघं, मग स्टोअरकीपर, ज्याचं म्हणणं होतं की जागा त्याने दिली तर पहिला हक्क त्याचा. वॉचमन काका कीर्तनाचं सांगायला आले होते. आणि सगळ्यात शेवटी, हातात झाकण लावलेलं भगोणं घेऊन, कॅन्टीनचा कॉन्ट्रॅक्टर. त्याला पूर्ण भाग नको होता. "पाचच मिनिटं द्या," तो म्हणाला, "आणि बोलायच्या आधी तुम्ही ही डाळ खाऊन बघा. माइक चालू ठेवून."