मुलांच्या चित्रपट महोत्सवात मोठ्यांचा हात: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. शालेय वयाच्या मुलांनी स्वतः केलेल्या लघुपटांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक महोत्सव असावा, अशी मागणी मी मागच्या लेखात केली होती. तिच्यावर आपण दोन गंभीर आक्षेप घेतले आहेत. अशा महोत्सवांत मुलांच्या नावावर प्रत्यक्षात पालकांचे, शिक्षकांचे आणि पैसे घेऊन काम करणाऱ्या संकलकांचे चित्रपट दाखवले जातात, हा पहिला. आणि त्यामुळे बक्षिसे शहरातल्या साधनसंपन्न शाळांकडे जातात व जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवतात, हा दुसरा. ज्या वयात मुलांच्या हातून मोबाइल काढून घ्यायचा, त्याच वयात आपण तो कौतुकाने त्यांच्या हाती देत आहोत, असेही आपण शेवटी लिहिले आहे. मुख्याध्यापक म्हणून उभे आयुष्य शाळेत काढलेल्या व्यक्तीचे हे म्हणणे आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

आपले निरीक्षण खरे आहे. शालेय लघुपटांच्या निवडीचे काम मी केले आहे, आणि मोठ्यांचा हात कुठे फिरला आहे हे पडद्यावर लपत नाही. पहिल्याच मिनिटाला ड्रोनने टिपलेले गाव दिसते, दहा वर्षांचे मूल व्याख्यात्यासारखी वाक्ये बोलते, पार्श्वभूमीला करुण पियानो वाजत राहतो आणि शेवटी काळ्या पडद्यावर झाडे वाचवण्याचा किंवा प्लास्टिक टाळण्याचा संदेश उमटतो. त्या संदेशाशी माझे भांडण नाही, पण मुलाला पडलेला एकही प्रश्न अशा चित्रपटात सापडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मात्र यावरून महोत्सवच नको असा निष्कर्ष आपण काढता, तिथे माझा मतभेद आहे. विषय कोणताही, लांबी दहा मिनिटे, उत्कृष्ट छायाचित्रण आणि उत्कृष्ट संकलन यांना स्वतंत्र पारितोषिके, असे आवाहन शाळांना पाठवले की मोठी माणसे त्यात उतरणारच, कारण जे मागितले आहे ते मोठ्यांनाच जमणारे असते. महोत्सव मुलांचा राहतो की नाही, हे बव्हंशी त्याचे नियम लिहिताना ठरते. त्यामुळे आपल्या आक्षेपाचे उत्तर मला नियमांमध्येच शोधावेसे वाटते.

याची उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका कॅफेमध्ये 1993 साली ट्रॉपफेस्ट हा लघुपट महोत्सव सुरू झाला आणि पुढे त्याला पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ट्रॉप ज्युनियर हा विभाग जोडला गेला. चित्रपट सात मिनिटांच्या आत संपला पाहिजे आणि आयोजकांनी त्या वर्षासाठी जाहीर केलेली एक गोष्ट त्यात कुठेतरी दिसली पाहिजे, असा तिथला नियम. 2005 साली ती गोष्ट छत्री होती, 2007 साली शिंक, 2010 साली फासे. वरवर पाहता हा खेळ वाटतो, पण त्यामुळे कपाटात पडून असलेला जुना चित्रपट, किंवा दुसरीकडे बक्षीस मिळवून आलेला, पाठवण्याची सोय राहत नाही आणि प्रत्येकाला नव्याने विचार करावा लागतो.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे आहे. सिनेमाच्या शताब्दीच्या निमित्ताने 1995 साली पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेझ या चित्रपट-संग्रह संस्थेने शाळांसाठी एक उपक्रम सुरू केला, ज्याच्या आखणीत आलँ बर्गाला या समीक्षकाचा मोठा वाटा आहे. वर्षभरासाठी सिनेमाचा एकच प्रश्न घेतला जातो, कधी ऋतुमान पडद्यावर कसे आणावे हा, तर कधी न तोडता घेतलेला लांब शॉट. निरनिराळ्या देशांतल्या शाळा त्याच प्रश्नावर, त्याच नियमांनी काम करतात. वर्गात शिक्षकाबरोबर चित्रपट क्षेत्रातली एक जाणकार व्यक्ती असते. आधी चित्रपटांतले उतारे पाहायचे, मग छोटे सराव आणि अखेरीस एक लघुपट. वर्षाच्या शेवटी मुले पॅरिसमध्ये एकमेकांचे चित्रपट पाहतात आणि त्यांवर बोलतात. तिथे क्रमांक काढले जात नाहीत.

या पद्धतीच्या शिक्षणात एक सराव फार प्रिय आहे. सिनेमाचे आद्य प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी 1895 साली केले तसे करायचे: कॅमेरा एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही, मध्ये तोडायचे नाही, वरून संगीत घालायचे नाही आणि साधारण एका मिनिटात थांबायचे. त्यांच्या यंत्रात सुमारे सतरा मीटर फिल्म मावत असे आणि ती पन्नासेक सेकंदांत संपे, म्हणून ही मर्यादा. त्यांचेच चित्रपट 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले आणि आपल्याकडच्या सिनेमाची गोष्ट तिथून सुरू झाली, म्हणजे हा वारसा आपल्यालाही परका नाही. आता या नियमात पालकाने किंवा भाडोत्री संकलकाने करायचे काय, याचा विचार करावा. संकलन नाही, संगीत नाही, संवाद पाठ करून घेण्यासारखे काही नाही. उरतात ते तीन निर्णय: कॅमेरा कुठे ठेवायचा, सुरुवात केव्हा करायची आणि चौकटीत काय येईल याची वाट किती पाहायची. हे तिन्ही निर्णय मूल घेऊ शकते आणि चित्रपटकलेचा गाभाही तिथेच आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचा तो प्रसिद्ध चित्रपट ल्युमिएरांनी एकापेक्षा अधिक वेळा चित्रित केला, त्याच्या तीन आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. तोच शॉट पुन्हा का घ्यावासा वाटला, हा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारून पाहावा. चर्चा तासभर थांबत नाही.

असा एक शॉट एका सातवीतल्या मुलीने गावातल्या पिठाच्या गिरणीच्या दाराशी घेतला होता. हीच जागा का, असे विचारल्यावर आत गेलेला माणूस इथून पांढरा होऊन बाहेर येतो, असे कारण तिने दिले. त्या मिनिटात संदेश नव्हता, कथाही नव्हती, पण पाहणारी एक व्यक्ती कॅमेऱ्यामागे नक्की उभी होती. त्यानंतर मी ड्रोनचे कितीतरी शॉट पाहिले आणि त्यांतला एकही आज मला आठवत नाही.

यातूनच आपल्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. साधनांची विषमता खरी आहे आणि ती भाषणांनी जाणार नाही. परंतु स्थिर कॅमेरा, एक मिनिट आणि जागेवरचाच ध्वनी असा नियम असला, की शाळेतला एक साधा फोन आणि तो टेकवायला दगड किंवा बाक एवढ्यावर काम भागते; महागड्या कॅमेऱ्याचा फायदा त्यात फारच थोडा उरतो. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट केला आणि भांडवल देणाऱ्यांना तो दाखवून आपले म्हणणे पटवले. असा वाटाणा कोणत्याही गावच्या शाळेत लावता येतो.

जिल्ह्याचा आग्रह मी धरतो, त्यामागे आपण मांडलेलीच चिंता आहे. 1955 साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचा आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव अनेक वर्षे हैदराबादला नोव्हेंबरमध्ये भरत असे आणि मुलांनी केलेल्या चित्रपटांसाठी ‘लिटल डायरेक्टर्स’ हा स्पर्धा विभागही त्यात होता. कल्पना उत्तम होती, पण दोन वर्षांतून एकदा एका महानगरात होणाऱ्या महोत्सवापर्यंत अहेरीचे किंवा अक्कलकुव्याचे मूल पोहोचणार कसे? 2022 साली ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. दिल्ली-मुंबईकडे डोळे लावून बसण्यापेक्षा जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या सभागृहात प्रोजेक्टर लावणे मला अधिक शक्य आणि अधिक न्याय्य वाटते. तिथे क्रमांक नसावेत, आणि चित्रपट संपल्यावर तो करणाऱ्या मुलाने उभे राहून प्रेक्षकांतल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. ज्याने चित्रपट स्वतः केला आहे त्याला ही उत्तरे सहज देता येतात. ज्याच्यासाठी दुसऱ्या कोणी केला आहे त्याची अडचण होते, आणि मग पुढच्या वर्षी मोठी माणसे आपोआप मागे सरतात.

मोबाइलविषयी थोडक्यात. तासन्‌तास रील पाहत बसणे आणि एका मिनिटाच्या शॉटसाठी दोन दिवस जागा शोधत फिरणे या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रावर घडतात, एवढ्यावरून त्यांना एका मापाने मोजता येत नाही. फोन शाळेचा असावा, चित्रणापुरता मिळावा आणि परत घेतला जावा, एवढी शिस्त मात्र हवीच.

एक मुद्दा आपल्या पत्रात नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. चित्रणात दिसणाऱ्या माणसांची परवानगी घेणे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवले पाहिजे, आणि मुलांचे चित्रपट त्यांच्या व पालकांच्या संमतीशिवाय कोणीही समाजमाध्यमांवर टाकू नयेत. शाळेच्या जाहिरातीसाठी तर मुळीच नाही.

आता एका बाबतीत मला आपल्या अनुभवाची गरज आहे. दिवाळीच्या सुट्टीत चित्रण आणि स्नेहसंमेलनाच्या धामधुमीआधी, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रदर्शन, असे वेळापत्रक माझ्या मनात आहे. फेब्रुवारीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेमुळे त्या परीक्षेला बसणाऱ्या वर्गांना जानेवारीत हात लावणे मला बरोबर वाटत नाही. परंतु ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, तेव्हा त्यांच्या मुलांना हे वेळापत्रक सोयीचे नाही. सहामाही परीक्षेआधी, सप्टेंबरमध्ये, आपल्या भागातल्या शाळांना पंधरा दिवस मोकळे करता येतील का, आणि तेव्हाच्या पावसात बाहेर चित्रण कितपत जमेल, हे आपण सविस्तर कळवावे, ही विनंती.

आपला स्नेहांकित