पीएचडीचं ते फॉरवर्ड आणि त्यातला एक अर्धा बरोबर मुद्दा

परत आलं ते फॉरवर्ड. यावेळी ताईने पाठवलंय, खाली तीन प्रश्नचिन्हं, कारण भाच्याच्या डोक्यात सध्या अंतराळ शिरलंय. "फिजिक्स किंवा स्पेस सायन्समध्ये पीएचडी करायच्या आधी हे वाचाच" असं मथळ्यात आणि खाली पाच मुद्दे: जिनियस असाल तरच या फंदात पडा, थिसिससाठी (म्हणजे पीएचडीच्या प्रबंधासाठी) जग हलवणारा शोध लागतो, पाच-सहा वर्षं एकट्याने कोंडून घ्यावं लागतं, तिशी उलटली की दार बंद, आणि एवढं करून पुढे एकतर अंतराळवीर व्हा नाहीतर मास्तर, तिसरं काही नाही. मी स्वतः सौर वाऱ्यावर पीएचडी केलीय (सूर्याकडून सतत वाहत येणारे भारित कण, त्याला सौर वारा म्हणतात), त्यामुळे ताईला एका ओळीत उत्तर देणं काही जमेना.

पहिला मुद्दा, जिनियसवाला. क्वांटम भौतिकीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, हायझेनबर्ग, त्याचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. १९२३ मध्ये म्युनिकला त्याची तोंडी परीक्षा होती, थिसिस द्रवांच्या खळबळाटी प्रवाहावर, आणि समोर बसलेल्या विल्हेल्म वीन या परीक्षकाने विचारलं की सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता (अगदी जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवायची ताकद) किती ते काढून दाखव. नाही आलं. बरं, बॅटरी कशी चालते ते सांग. तेही नाही आलं! वीन त्याला नापास करायच्या बेतात होता, गाइड झोमरफेल्ड अडून बसला म्हणून तो कसाबसा, अगदी काठावरच्या श्रेणीत सुटला. गंमत पुढे आहे. १९२७ मध्ये त्याने अनिश्चिततेचं तत्त्व (कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी अचूक कळू शकत नाहीत) समजावताना उदाहरण घेतलं ते सूक्ष्मदर्शकाचंच, आणि तिथेही विभेदनक्षमतेच्याच भानगडीत चुकला, भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने ती चूक दाखवून दिली. आता कुणी म्हणेल की तो जिनियसच होता की, तुमचा मुद्दा काय? मुद्दा असा की परीक्षेच्या दिवशी खोलीत जो मुलगा बसला होता तो बॅटरीवर अडकला होता, आणि फॉरवर्डच्या हिशेबाने त्याला दारातूनच परत पाठवायला हवं होतं.

प्रत्यक्षात रोज काय लागतं ते माझ्याच फजितीवरून सांगते. दुसरं वर्ष चालू होतं. सौर वाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास असतो, कमी झाला तर ३००, जोरात असला तर ७००-८००. आणि माझ्या ग्राफमध्ये एका महिन्याची सरासरी आली ११८६. अख्ख्या महिन्याची! मी तीन दिवस हवेत. मनातल्या मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं. गाइडकडे गेले, त्यांनी ग्राफकडे धड बघितलंही नाही, एवढंच विचारलं, "मूळ फाइल उघडून बघितलीस का गं?" नव्हती बघितली. उघडली तर वेगाच्या रकान्यात ४१२.३, ४१५.८, ४०९.६, मग ९९९९.०, ९९९९.०, ९९९९.०, मग परत ४११.२. उपकरणाला जिथे मोजता आलं नाही तिथे ९९९९ भरून ठेवायची पद्धत असते, मी ते आकडे न गाळता सरळ सरासरीत घेतले होते. शंभरातल्या आठ नोंदी तशा निघाल्या आणि माझा शोध तिथल्या तिथे मेला. त्या दिवसापासून सुंदर निकाल दिसला की मला आधी संशयच येतो, आणि खरं सांगू का, या पदवीत मी जे काही शिकले त्यातलं निम्मं हेच आहे. गणित लागतं, बरंच लागतं, पण ते बसून येतं. आपल्याच निकालावर संशय घ्यायची सवय मात्र अशी तोंडावर आपटूनच लागते.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, जग हलवणाऱ्या शोधाचा. जॉसेलिन बेल केंब्रिजला पीएचडी करत होती, साडेचार एकरांवर पसरलेली रेडिओ दुर्बीण तिने इतरांबरोबर स्वतः उभी केली, खांब ठोकून, वायरी ओढून, आणि मग रोज सुमारे तीस मीटर कागदावरची रेघ डोळ्यांनी तपासत बसायची. १९६७ मध्ये त्या रेघेत जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा खरखरीत ठिपका दिसला, तो ना चमचमणाऱ्या क्वेसारसारखा (क्वेसार म्हणजे फार दूरचे, अतिशय तेजस्वी स्रोत) ना माणसांच्या रेडिओच्या गोंधळासारखा. तिने तो सोडला नाही, वेगाने कागद फिरवून परत नोंद घेतली तेव्हा कळलं की दर १.३३ सेकंदांनी ठोका पडतोय. पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओचे ठोके पाठवणारा तारा. आता ऐका, तिच्या थिसिसचा विषय पल्सार नव्हताच, क्वेसारांचा होता, आणि पल्सार गेला कुठे तर परिशिष्टात! विसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रातला एक मोठा शोध आणि तो थिसिसच्या शेपटाला. १९७४ चं नोबेल तिच्या गाइडला, ह्युइशला मिळालं, सोबत राइलला, तिला नाही, त्यावर अजून वाद होतात पण तो वेगळा विषय.

उलटंही होतं. सिसिलिया पेनने १९२५ च्या थिसिसमध्ये ताऱ्यांच्या वर्णपटांवरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, म्हणजे खरोखरच जग हलवणारा निकाल, आणि तेव्हाचा सर्वात वजनदार खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल म्हणाला हे शक्यच नाही. तिने थिसिसमध्ये लिहून टाकलं की हा आकडा जवळजवळ नक्कीच खरा नाही. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या वाटेने त्याच निष्कर्षावर आला. म्हणजे शोध हाती होता तरी पदवी त्या दाव्याच्या जोरावर नाही मिळाली, तो तर तिने मागे घेतला होता, पदवी मिळाली ती केलेल्या कामावर.

आणि आइन्स्टाइन? १९०५ चा थिसिस, साखरेच्या पाण्याच्या चिकटपणावरून रेणूचा आकार काढायचा, आणि त्यातल्या गणितात चक्क चूक होती. प्रयोगाशी आकडे जुळेनात तेव्हा सहकाऱ्याकडून हिशेब तपासून घेतला, १९११ मध्ये दुरुस्ती छापली. पदवी काही कुणी परत मागितली नाही. बाकी आमच्यासारख्या सामान्यांच्या थिसिसमध्ये "नवीन" म्हणजे काय असतं तर एखाद्या मोजणीतली अनिश्चितता जरा कमी केली, जुनी पद्धत नव्या डेटावर लावून ती कुठे तुटते ते दाखवलं, असं काहीतरी. तेवढं पुरतं. ते आधी कुणी केलेलं नसावं आणि परीक्षकांच्या प्रश्नांपुढे टिकावं, बस.

तिसरा, एकट्याने कोंडून घेणं. २०१५ मध्ये हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावर सर्नच्या (युरोपातली कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा) दोन प्रयोगांनी मिळून जो पेपर काढला त्याला ५,१५४ लेखक होते, ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावांची आणि संस्थांची. असल्या गटांत पीएचडीची पोरं ढीगभर असतात आणि रात्री तीनला शिफ्टवर स्क्रीनसमोर कोण बसतं विचाराल तर बऱ्याचदा तीच. हां, सिद्धांतावर काम करणारे कमी माणसांत असतात, आणि आपला प्रश्न शेवटी आपल्याच डोक्यात घोळत असतो, घरी विचारलं "झालं का गं?" की काय सांगायचं कळत नाही, तो एकटेपणा खरा आहे. पण त्याचा संबंध विषयापेक्षा गाइडशी जास्त असतो. म्हणून गाइडचं नाव किती मोठं ते बघण्यापेक्षा त्यांच्या आताच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना गाठा, विचारा की किती वर्षं लागली, लिहिलेलं वाचून परत यायला किती आठवडे लागतात, कुणी मध्येच सोडून गेलं का. फॉरवर्डमध्ये हे एक वाक्य असतं तरी मी त्याला माफ केलं असतं.

चौथा, तिशीचा. क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे, त्याने सत्तरच्या दशकात अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची पीएचडी २००७ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी पूर्ण केली, विषय सूर्यमालेतल्या धुळीच्या ढगाचा. काही फेलोशिपना वयाची अट असते ती आधी बघून घ्या, विषयाला वय नसतं. पुढे.

पाचवा, अंतराळवीर नाहीतर मास्तर. चंद्रावर एकूण बारा माणसं चालली, त्यातल्या तिघांकडेच डॉक्टरेट होती: ऑल्ड्रिन, मिचेल आणि भूगर्भशास्त्रज्ञ श्मिट. ऑल्ड्रिनचा १९६३ चा थिसिस तर कक्षेत दोन यानं एकमेकांना कशी गाठतील यावरच होता, म्हणजे कामाचा माणूस, पण बाकी नऊ जण डॉक्टरेटशिवायच जाऊन आले. नासासुद्धा अंतराळवीर भरतीला पीएचडीची सक्ती करत नाही. तेव्हा फक्त त्यासाठी ही पदवी करू नका, हे मी भाच्यालाही सांगितलंय.

पण "तिसरं काही नाही" यातला अर्धा भाग मी मान्य करते. संशोधनातल्या कायम जागा कमी आहेत, पोस्टडॉकवर पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनातल्या तात्पुरत्या नोकऱ्या) करत माणसं शहरं बदलत राहतात आणि हे प्रवेश घेताना कुणी नीट सांगत नाही. चुकीचा अर्धा भाग म्हणजे बाकी सगळे घरी बसतात हा समज. रुग्णालयात रेडिएशनचा डोस ठरवणारे, हवामानाची मॉडेल चालवणारे, उपग्रहांची उपकरणं बांधणारे, डेटावर काम करणारे, यांत फिजिक्सचे पीएचडीवाले भरपूर सापडतात. घाण डेटामधून खरं काय ते काढणं हे काम सगळीकडेच लागतं.

हे सगळं ताईला पाठवलं. तासाभराने तिचा मेसेज: "९९९९ वालं त्याला वाचून दाखवलं, तो विचारतोय रिकाम्या जागी शून्य का नाही भरत?" मी हातातलं काम ठेवून त्याला फोन केला. कारण शून्य भरलं असतं तर माझी सरासरी ३८६ आली असती, अगदी खरी वाटणारी, आणि मी ती फाइल कधी उघडलीच नसती.