कायदा दोघांना वेगळा, म्हणूनच सोबत हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पॅलेस्टिनी आणि ज्यू कार्यकर्त्यांच्या एकत्र कामाबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. त्यातली चीड खरी आहे, म्हणून नुसते आभार मानून थांबत नाही. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. मोर्चा संपला की ज्यू कार्यकर्ता तेल अवीवला घरी जातो आणि पॅलेस्टिनी चेकपोस्टच्या रांगेत उभा राहतो, मग यात 'एकत्र' काय आहे? असे गट अन्याय करणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला एकाच ओळीत बसवतात. इस्रायलवर बहिष्कार घाला म्हणणाऱ्या चळवळीतल्या पॅलेस्टिनींनीच ज्या 'स्टँडिंग टुगेदर' या ज्यू-पॅलेस्टिनी संघटनेशी संबंध तोडायला सांगितलं, तिचं कौतुक आपण इथे बसून का करावं? आणि शेवटचा प्रश्न, यातून आजवर निष्पन्न काय झालं?

तेल अवीव आणि चेकपोस्टचं तुमचं वर्णन अचूक आहे. वेस्ट बँक या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात १९६७ पासून पॅलेस्टिनी माणसाला लष्करी कायदा लागू आहे आणि तिथेच शेजारच्या टेकडीवर वसवलेल्या इस्रायली वसाहतीत राहणाऱ्या इस्रायलीला इस्रायलचा नागरी कायदा. गुन्हा एकच असला तरी एकाचा खटला लष्करी न्यायालयात चालतो, दुसऱ्याचा साध्या न्यायालयात. पण यावरून 'मग एकत्र येऊच नका' हा निष्कर्ष मला पटत नाही. ज्या कार्यकर्त्यांबद्दल मी लिहिलं, त्यांचं काम उभं आहे ते याच तफावतीच्या जाणिवेवर. आपण सारखे आहोत असा देखावा ते करत नाहीत. ज्याला कायद्याचं जास्त संरक्षण आहे, त्याने ते घेऊन पुढे उभं राहायचं, अशी ती रीत आहे.

बिलीनचं उदाहरण घ्या. वेस्ट बँकेतल्या रामल्ला शहराच्या पश्चिमेचं हे पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचं गाव. इस्रायलने बांधलेल्या कुंपणाने गावाची निम्म्याहून जास्त शेतजमीन पलीकडे गेली. २००५ पासून गावकरी दर शुक्रवारी नमाजानंतर कुंपणाकडे मोर्चा नेऊ लागले आणि त्यांच्याबरोबर इस्रायली कार्यकर्ते चालू लागले. 'अनार्किस्ट्स अगेन्स्ट द वॉल' हा त्यातलाच एक गट. गावाची बाजू इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात मांडली मिखाएल स्फार्द या इस्रायली वकिलाने. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने सरकारला कुंपणाचा मार्ग बदलायला सांगितलं, कारण तो सुरक्षेसाठी नसून शेजारच्या इस्रायली वसाहतीच्या पुढच्या विस्तारासाठी आखल्याचं दिसत होतं. प्रत्यक्षात कुंपण हललं २०११ मध्ये. गावाला जमीन परत मिळाली, पण सगळी नाही. आणि वसाहतीचा जो भाग आधीच बांधून झाला होता, तो न्यायालयाने तसाच राहू दिला.

या निकालाची किंमत कोणी मोजली, तेही सांगायला हवं. एप्रिल २००९ मध्ये सैनिकांनी झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं छातीवर बसून बासेम अबू रहमा हा गावातला तरुण मेला. गावाच्या समितीचे समन्वयक अब्दुल्ला अबू रहमा पेशाने शिक्षक. बेकायदा मोर्चे काढले आणि चिथावणी दिली म्हणून लष्करी न्यायालयाने त्यांना आधी १२ महिन्यांची, मग सरकार पक्षाच्या अपिलावर १६ महिन्यांची शिक्षा दिली. त्याच मोर्च्यात चाललेल्या इस्रायलींनाही अटक झाली, मारहाण झाली. पण लष्करी न्यायालयाचा हा कोठडीवास त्यांच्या वाट्याला आला नाही. तुमचा मुद्दा इथे पुरेपूर सिद्ध होतो. तरीही अब्दुल्ला अबू रहमांनी इस्रायलींना 'येऊ नका' म्हटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न मला हा लेख लिहिताना सारखा पडत होता. म्हणून निर्णय त्यांचा होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

असे गट दोघांना एकाच ओळीत बसवतात, हा दुसरा आक्षेप तुम्ही बहुधा या संघर्षात घरचं माणूस गमावलेल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांच्या संघटनेवरून, 'पेरेंट्स सर्कल'वरून घेतलात. त्यातले इस्रायली रामी एल्हानान यांची शाळकरी मुलगी स्मदर सप्टेंबर १९९७ मध्ये जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर आत्मघाती हल्ल्यात मारली गेली. पॅलेस्टिनी बस्साम अरामीन यांची दहा वर्षांची मुलगी अबीर जानेवारी २००७ मध्ये अनाता गावात शाळेबाहेर होती. सीमा पोलिसाची रबरी गोळी तिच्या डोक्याला लागली. फौजदारी तपास आरोप न ठेवताच बंद झाला. बस्साम दिवाणी न्यायालयात लढले, आणि २०१० मध्ये न्यायालयाने तिच्या मृत्यूला सरकार जबाबदार असल्याचं मान्य केलं. गोळी झाडणाऱ्यावर खटला मात्र आजतागायत उभा राहिला नाही. हे दोघे व्यासपीठावर एकत्र बसतात तेव्हा ही तफावत झाकून ठेवत नाहीत. आपल्या सरकारने चालवलेला कब्जा संपला पाहिजे, असं रामी इस्रायली श्रोत्यांसमोर उघड सांगतात. दुःख सारखं आहे असं म्हटलं म्हणजे सत्ताही सारखी आहे असं म्हटलं, असं होत नाही. तुमच्या प्रतिक्रियेत या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे असं मला वाटतं.

आता 'स्टँडिंग टुगेदर'. जानेवारी २०२४ मध्ये बहिष्कार चळवळीतल्या पॅलेस्टिनी समितीने तिच्यावर बहिष्काराचं आवाहन केलं, हे खरं. हा गट पॅलेस्टिनींवरच्या अन्यायाला नेहमीच्या आयुष्याचं रूप देतो, असा त्या टीकेचा गाभा आहे. गाझात माणसं मरत असताना ती टीका करण्याचा पॅलेस्टिनींचा हक्क मी कसा नाकारणार? पण तेव्हा या गटाचं नेतृत्व अलोन-ली ग्रीन या ज्यू कार्यकर्त्याबरोबर रूला दाऊद करत होत्या, आणि त्याही पॅलेस्टिनीच आहेत, इस्रायलच्या नागरिक असलेल्या. इस्रायलच्या लोकसंख्येत अशा लोकांचं प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे. त्यांच्या गावात, नोकरीत, इस्पितळात, विद्यापीठात ज्यू माणूस रोज समोर असतो. त्यांनी समतेचं राजकारण कोणाबरोबर करायचं? २०२४ च्या मे महिन्यात गाझाकडे निघालेले धान्याचे ट्रक हेब्रॉनजवळच्या तरकुमिया नाक्यावर अडवून उजव्या इस्रायली टोळ्या पोती फाडत होत्या, पीठ रस्त्यावर ओतत होत्या. तेव्हा याच गटाचे ज्यू आणि पॅलेस्टिनी स्वयंसेवक तिथे जाऊन ट्रक आणि टोळी यांच्या मध्ये उभे राहिले. त्या दिवसांत भुकेल्या माणसापर्यंत पोचू शकणारं पीठ वाचवणं, याला मी कमी लेखणार नाही.

निष्पन्न काय झालं, याचं उत्तर म्हणून मी विजयांची यादी देऊ शकत नाही. उलट परिस्थिती बिघडतेच आहे. २८ जुलै २०२५ रोजी हेब्रॉनच्या दक्षिणेकडच्या उम्म अल-खैर गावात औदा हथालीन या इंग्रजीच्या शिक्षकाला गोळी घालून मारलं. ज्याच्यावर संशय होता त्या वसाहतवाल्याला काही दिवसांतच सोडून देण्यात आलं. औदाचा मृतदेह मात्र दहा दिवस ताब्यात ठेवला गेला, गावातल्या बायकांना त्यासाठी उपोषण करावं लागलं. औदाने वर्षानुवर्षं ज्यू कार्यकर्त्यांना घरी जेवू घातलं, मुक्कामाला ठेवलं होतं. त्यांच्या सोबतीने त्याचा जीव वाचला नाही. तरी त्या भागातल्या गावांना ती सोबत आजही हवी आहे, कारण हल्लेखोर आले की हिब्रूत पोलिसांना फोन करणारं आणि कॅमेरा धरून उभं राहणारं, ज्याला लष्करी कोठडीत टाकणं सोपं नाही असं माणूस शेजारी असणं, याचा उपयोग त्यांनी अनुभवलेला आहे.

तुम्ही बहिष्काराच्या बाजूने सविस्तर लिहावं, मी ते इथे जसंच्या तसं छापेन. लिहाल तेव्हा इस्रायलचं नागरिकत्व असलेल्या पॅलेस्टिनींनी काय करावं, तेही लिहा. तुमच्या प्रतिक्रियेत ते कुठेच नव्हते.