ब्रूनो फक्त खेळत होता

परसात कोंबड्या पाळणाऱ्याने शेजाऱ्याचा कुत्रा आत शिरला की आधी आपलं काय चुकलं ते शोधावं. शोधलं की सापडतंच. कोंबडी मोकळी सोडली होती, ही पहिली चूक. कुत्राही मोकळाच होता, पण त्याचं काय, त्याचा स्वभावच मोकळा आहे.

कोकणातल्या वाडीत तुमच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा असतो. आजोबांनी तो बांधला तेव्हा पलीकडे मोती नावाचं गावठी कुत्रं होतं. शिळ्या भाकरीवर जगायचं आणि कोंबडीकडे बघितलं तरी काठी खायचं. आता पलीकडे निवृत्त होऊन मुंबईहून आलेलं कुटुंब आहे आणि त्यांचा जर्मन शेफर्ड आहे. त्याला ‘कुत्रा’ म्हणू नका. ब्रूनो म्हणा. तो कुटुंबाचा सदस्य आहे. तुमच्या कोंबड्या तुमच्या कुटुंबाच्या सदस्य असल्याचा दावा करायला जाल, तर गटारीचा विषय निघेल. “तुम्ही तरी काय, कापणारच होतात ना?” या प्रश्नाला सभ्य घरात उत्तर नाही.

सकाळी खुराडं उघडलंत आणि तासाभरात चार कोंबड्या आडव्या दिसल्या, तर ओरडू नका. बारकाईने बघा. एकही खाल्लेली नसेल. मुंगूस नाहीतर कोल्हा पोटासाठी येतो. ब्रूनोच्या घरी पिशवीतलं महागडं खाणं आहे, त्याला भूक कशाला? फडफडतं ते पकडायचं, फडफड थांबली की दुसरीकडे वळायचं, एवढाच त्याचा खेळ. म्हणून “तो काही करत नाही हो, खेळतो फक्त,” हे मालकांचं वाक्य शब्दशः खरं असतं. त्यावर मान डोलवा. एकदा या खेळाची गोडी लागलेला कुत्रा आपणहून तो सोडत नाही, हे मात्र बोलू नका. त्याला उगाच वाईट वाटेल. कुत्र्याला नव्हे, मालकाला.

मग भरपाईची वेळ येते. शेजारी वाईट माणूस नसतो, तो स्वतःच पाकीट काढतो. “किती झाले?” आणि ब्रॉयलरच्या किलोच्या भावाने हिशोब करतो. गावठी कोंबडी भरते जेमतेम सव्वा किलो. त्यातली एक तलंग होती, आठवड्यापूर्वीच अंड्यावर आलेली, हे सांगू नका. दुसरी रवणावर, म्हणजे अंडी उबवायला बसलेली होती, पाणी प्यायला उठली आणि तेवढ्यात गेली. तिच्या खालची अंडी एकवीस दिवसांच्या हिशोबात अर्ध्यावर येऊन गार पडली, हे तर मुळीच सांगू नका. न जन्मलेल्या पिल्लांचे पैसे मागणारा माणूस वाडीत हावरट ठरतो. उरलेल्या कोंबड्या भीतीने अंडी द्यायच्या थांबतील. त्यालाही किलोचा भाव नाही.

स्वाभिमान फारच उफाळून आला तर पोलिसात जाण्यापूर्वी भारतीय न्याय संहिता चाळा. कलम २९१ आहे: पाळीव जनावराबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचून छाती भरून येईल. मग पुढचं वाचा. धोका माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर दुखापत होण्याचा हवा. म्हणजे ब्रूनो तुम्हाला फाडेल अशी भीती असेल तर काही जमण्यासारखं आहे. कलम ३२५ प्राण्याला ठार मारण्याबद्दल आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. पण तिथे हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. हेतू ब्रूनोचा होता, मालक तर आत चहा घेत होते. तुम्ही मात्र रागाच्या भरात भाकरीत काही कालवलंत, तर हेतू शोधायला कुणाला लांब जावं लागणार नाही. तेच ३२५ गडगा ओलांडून तुमच्या दारात येईल, आणि ते योग्यच असेल. जनावराचा त्यात काय दोष?

बिबट्याने शेळी मारली तर वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो, सरकारी भरपाई मिळते. ब्रूनोला अजून वन्यप्राण्याचा दर्जा मिळालेला नाही. त्यासाठी अर्ज करून बघायला हरकत नाही.

राहिली गावातली तंटामुक्ती समिती. २००७ साली राज्यात ही मोहीम आली तेव्हापासून बांधाची, पाण्याची, भावकीची भांडणं मिटवून मंडळी तयार झाली आहेत. ती दोघांचं ऐकून घेतील आणि दोघांनाही समजुतीने घ्यायला सांगतील. तुम्ही कोंबड्या कोंडा. त्यांनी ब्रूनोला समजवावं.

तेव्हा खर्च तुम्हीच करा. बाजारात षटकोनी भोकांची स्वस्त ‘कोंबडी जाळी’ मिळते. नाव बरोबर आहे: ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, दातांनी फाटते. जाड तारेची वेल्डमेश घ्या. खाली हातभर जमिनीत गाडा, नाहीतर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर चिरे ठेवा, कारण ब्रूनोला उकरताही छान येतं. वरूनही झाका. पैसे मोजताना चार कोंबड्यांच्या भरपाईची रक्कम त्यातून वजा करून बघा, मन रमतं.

जाळी उभी राहिली की शेजारी गडग्यापाशी येतील, हात लावून बघतील, “हे आधीच करायला हवं होतं तुम्ही,” म्हणतील. मान्य करा. जाता जाता ते महिन्याला दोन डझन गावठी अंडी लावून ठेवायला सांगतील. ब्रूनोची फर गळते आहे, डॉक्टरांनी उकडलेलं अंडं द्यायला सांगितलंय. भाव ते दुकानातल्या पांढऱ्या अंड्याचा लावतील.