खुलासा : दोन कुरोसावा, दोन घराणी

जपानी चित्रपट दिग्दर्शक कियोशी कुरोसावा हे तिथलेच दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे चिरंजीव, असं सांगणारी एक पोस्ट सध्या फिरते आहे. ते खरं नाही. दोघांचं काहीही नातं नाही. अकिरा 1910 साली तोक्योत जन्मले, कियोशी 1955 साली कोबेत. अकिरांच्या मुलाचं नाव हिसाओ, तो निर्माता. मुलगी काझुको वेशभूषाकार आहे.

घोळ वाढायला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाचाही हातभार लागला असावा. तिथे 1951 साली अकिरांच्या ‘राशोमोन’ला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला आणि 2020 साली कियोशींना दिग्दर्शनासाठी रौप्यसिंह. पोस्टकर्त्याने दोन्ही सिंह एकाच घरात बांधून टाकले!

‘कुरो’ म्हणजे काळा, ‘सावा’ म्हणजे पाणथळ जागा किंवा डोंगरातला ओढा. अशी जागेवरून पडलेली आडनावं जपानात भरपूर आहेत. शिवाय 1875 साली तिथे आडनाव लावणं सगळ्यांना सक्तीचं झालं. तेव्हा एकच आडनाव अनेक घरांत असणं साहजिकच. सगळे जोशी तरी कुठे एका घरातले असतात? गंमत म्हणजे लिहितानाही फरक दिसतो : अकिरांच्या नावात ‘सावा’चं जुनं, जास्त रेघांचं अक्षर सहसा वापरतात, कियोशींच्या नावात सोपं केलेलं.