केबलवर वेग छापायला काय जातं?

टाइप-सी केबल घ्यायची म्हणजे दर वेळी डोक्याला ताप. पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची बाहेरून जोडायची डिस्क, सेकंदाला १० गिगाबिट वेगाची, लॅपटॉपचा पोर्टही तसाच, आणि फाइल कॉपी होते सेकंदाला जेमतेम ४० एमबीने. कारण मधली केबल निघते जुन्या, हळू यूएसबी २.० ची, ४८० मेगाबिटवाली! वेगवान काय नि हळू काय, दिसायला दोन्ही केबल अगदी सारख्या. पाकिटावर मोठ्या अक्षरांत काय, तर ‘१०० वॅट फास्ट चार्जिंग’. अहो, चार्जिंगचे वॅट वेगळे, डेटाचा वेग वेगळा! तो कुठे छापलाय? कुठेच नाही. जाड केबल वेगवान असेल म्हणावं, तर तसंही नाही. टोकावर एक आकडा छापा ना! आता प्रत्येक केबल लावून, मोठी फाइल कॉपी करून वेग तपासत बसायचं. हे काम गिऱ्हाइकाचं आहे का?